पुन: बिलोएलाचं कुटुंब – मंडळाने पत्र द्यायचं का?

प्रेषक: ग्लॅडस्टनकर
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९

मंडळी, नमस्कार.

सोमवारी बाप्पा येतायत, सगळे गडबडीत असाल. तरी एवढं वाचाच. काल रात्री ऑस्ट्रेलियात आश्रय मागणाऱ्या, आपल्या क्वीन्सलंडमधल्या बिलोएलाच्या तमिळ कुटुंबाला सरकारने मेलबर्नहून विमानात घालून श्रीलंकेला रवाना केलं. आई, वडील, चार आणि दोन वर्षांच्या दोन मुली. विमान हवेत असताना न्यायाधीशांनी फोनवर मनाई हुकूम दिला, म्हणून पहाटे ते डार्विनला उतरवावं लागलं.

इकडे येण्याआधी मी बिलोएलात नोकरीला होतो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: ब्रिस्बेनपासून साधारण सहाशे किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आतली. कापूस, कोळसा, वीजकेंद्र आणि मीटवर्क्स, म्हणजे मांसाचा कारखाना. मोर्चेबिर्चे काढणारं हे गाव नव्हे; मतंही वर्षानुवर्षं उजवीकडेच जातात. वडील मीटवर्क्समध्ये कामाला, वेळ मिळेल तेव्हा व्हिनीज या धर्मादाय संस्थेच्या दुकानात फुकट हातभार लावायचे. आई दवाखान्यातल्या लोकांना घरची करी नेऊन द्यायची. ५ मार्च २०१८ ला पहाटे पाचच्या सुमाराला दारावर थाप पडली आणि चौघांना डिटेन्शनमध्ये, म्हणजे व्हिसा नसलेल्यांच्या कोठडीत नेलं. आईचा ब्रिजिंग व्हिसा (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदल्याच दिवशी संपला होता. त्या दिवसापासून गाव मंत्र्यांच्या मागे लागलंय. पुढे कोण आहेत? शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे लोक. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात कधी हातात फलक धरला नसेल.

रविवारी ब्रिस्बेनमध्ये सभा आहे. मंडळाचा फलक घेऊन जाऊ या, आणि मंडळाच्या लेटरहेडवर मंत्र्यांना पत्र देऊ या.


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९

सप्रेम नमस्कार.

भावना समजल्या. पण मंडळाच्या घटनेत राजकारण नको असं स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्याला कौन्सिलचं अनुदान मिळतं. व्यक्तिशः कोणी जायला कुणाचीच हरकत नाही. मात्र रविवारी सकाळी हॉल ताब्यात मिळतोय, मखर उभं करायला माणसं लागतील, हे विसरू नये.

जाता जाता: उकडीच्या मोदकांची नोंदणी बंद झाली. तळणीचे आहेत.


प्रेषक: टूवूम्बाकर
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९

सचिवांशी सहमत. कटू वाटेल, पण लिहितो.

आपण इथे कसे आलो? पॉइंट मोजले, इंग्रजीची परीक्षा दिली, डिग्री तपासून घेतली, पोलिसांचा दाखला आणला, फी भरली आणि वाट बघत बसलो. हे नवरा-बायको २०१२ आणि २०१३ मध्ये वेगवेगळ्या बोटींनी आले. त्यांचं म्हणणं खात्याने ऐकलं, कोर्टांनी ऐकलं, मे महिन्यात हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च कोर्टानेही दार लावलं. आणखी किती वेळा विचारायचं? त्या काळात बोटी बुडून हजारावर माणसं मेली, तेही लक्षात ठेवा. बोटी थांबल्या म्हणून ते थांबलं. मुलींबद्दल मलाही वाईट वाटतं, पण नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असेल तर तो नियमच नाही.


प्रेषक: लोगनकर
शनिवार, ३१ ऑगस्ट २०१९

काका, तुमच्याशी वाद घालायची हौस नाही, पण आश्रयाचे अर्ज हे माझं रोजचं काम आहे म्हणून लिहिते.

रांग आपल्यासाठी होती, कारण आपण नोकरीचा व्हिसा मागत होतो. आश्रय मागणाऱ्याला तशी रांग नसते. दुसऱ्या देशात पोचून 'मला परत पाठवू नका' म्हणणं हाच त्याचा अर्ज. तो हक्क ऑस्ट्रेलियाने १९५४ मध्येच मान्य केलाय.

कोर्टाचं म्हणाल, तर इथेच बहुतेकांची गफलत होते. कोर्ट बघतं ते निर्णय घेताना कायद्याची चूक झाली का, एवढंच. या माणसांना परत गेल्यावर धोका आहे का, याचा निवाडा कोर्ट करत नाही. तो आधी खात्यात होतो. आणि त्या काळात बोटीने आलेल्यांसाठी जो 'फास्ट ट्रॅक' काढलाय, त्यात फेरतपासणी बहुतेक वेळा नुसत्या कागदांवरच होते. माणसाला समोर बसवून विचारतातच असं नाही.

धाकटीचं तर आणखीच विचित्र. जन्म क्वीन्सलंडमधला, समुद्र ओलांडून ती कधी आलीच नाही. तरी आई-वडील बोटीने आले म्हणून कायद्याच्या लेखी तीही बोटीने आलेली! मंत्र्यांनी परवानगी दिल्याशिवाय तिला अर्जसुद्धा करता येत नाही. तिचं म्हणणं आजवर कुणी तपासलेलंच नाही, आणि परवाचा मनाई हुकूम नेमका त्यावरच मिळाला. काल रात्री सगळ्यांना ख्रिसमस आयलंडला हलवलं. जावाच्या खाली, पर्थपासून अडीच हजार किलोमीटरांहून लांब. वकील, गाववाले, कुणीच सहज पोचू नये असं ठिकाण.

मंत्र्यांच्या हातात कलम १९५अ आहे. डिटेन्शनमधल्या कुणालाही लोकहितासाठी ते व्हिसा देऊ शकतात. द्यायलाच हवा असं बंधन नाही, आणि नाही दिला तर कोर्टही भाग पाडू शकत नाही. तेव्हा काका, नियम आत्ताही सगळ्यांना एक नाहीच. शेवटचं दार एका माणसाच्या मर्जीवर उघडतं. म्हणून तर बिलोएलाचे लोक कोर्टावर भिस्त न ठेवता पत्रं, फोन आणि सह्यांच्या मागे लागलेत.


प्रेषक: एक विद्यार्थी सभासद
शनिवार, ३१ ऑगस्ट २०१९

ताई, प्रश्न बावळट वाटेल. माझा ४८५ (शिक्षण संपल्यावरचा तात्पुरता व्हिसा) अजून यायचाय. सही केली किंवा सभेत फोटो निघाला तर व्हिसाला काही होईल का? घरी आईला कळलं तर ती म्हणेल, नसत्या भानगडीत पडू नकोस.


प्रेषक: लोगनकर
शनिवार, ३१ ऑगस्ट २०१९

बावळट मुळीच नाही, निम्म्या लिस्टच्या मनात हेच असणार. अर्जावर सही करणं किंवा शांतपणे सभेला उभं राहणं, याने व्हिसा अडत नाही. तरी मन धजत नसेल तर नको येऊस, कुणी नावं ठेवणार नाही.

आणि ज्यांची मतं इथे आहेत त्यांच्यासाठी: स्ट्रॅथपाइन, अल्बनी क्रीक भागात आपली बरीच घरं आहेत. तो डिक्सन मतदारसंघ, म्हणजे गृहमंत्री पीटर डटन यांचा स्वतःचा. मंडळाच्या लेटरहेडपेक्षा तिथल्या एका मतदाराचं साधं पत्र जड. छापील मजकूर नको. मी कुठे राहतो, मला काय वाटतं, १९५अ वापरा – तीन वाक्यं पुष्कळ झाली.


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

कार्यकारिणीचं फोनवर बोलणं झालं. मंडळाचं नाव कुठेही वापरायचं नाही. ज्यांना पत्रं लिहून घ्यायची आहेत त्यांनी हॉलच्या बाहेर, चपला काढतो तिथे टेबल लावावं. आरतीच्या वेळी घोषणा नकोत.


प्रेषक: ग्लॅडस्टनकर
मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

चालेल. चप्पल काढताना माणूस थांबतोच.


प्रेषक: ग्लॅडस्टनकर
शनिवार, ६ ऑगस्ट २०२२

जुनाच धागा वर काढतोय. काल बिलोएलाच्या कुटुंबाला कायमचा व्हिसा मिळाला. मधल्या काळात जे इथे नव्हते त्यांच्यासाठी: धाकटीच्या बाबतीत रीतसर प्रक्रिया पाळली नाही असं फेडरल कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं. २०२१ च्या जूनमध्ये तीच आजारी पडली, न्यूमोनिया आणि रक्तात संसर्ग. तिला पर्थच्या इस्पितळात आणावं लागलं, तेव्हा कुठे ख्रिसमस आयलंड सुटलं. सह्या पाच लाखांच्या पुढे गेल्या. यंदा मे मध्ये सरकार बदललं, आठवड्याच्या आत ब्रिजिंग व्हिसा आले आणि १० जूनला मंडळी गावात पोचली. दोन दिवसांनी धाकटीचा पाचवा वाढदिवस. डिटेन्शनबाहेरचा तो तिचा पहिलाच म्हणे, कारण पहिला वाढदिवस यायच्या आधीच तिला आत नेलं होतं.


प्रेषक: टूवूम्बाकर
शनिवार, ६ ऑगस्ट २०२२

पोरी घरी गेल्या, बरं झालं. माझा हट्ट मात्र तोच आहे: नियम सगळ्यांना एक हवा. या चौघांच्या मागे अख्खं गाव होतं, टीव्ही होता, उजव्या नॅशनल पक्षाचा बार्नबी जॉइससुद्धा त्यांच्या बाजूने बोलला. त्याच फास्ट ट्रॅकमध्ये सापडलेले बाकीचे किती आहेत, आणि त्यांच्या मागे कोण आहे?


प्रेषक: लोगनकर
रविवार, ७ ऑगस्ट २०२२

काका, त्या काळात बोटीने आलेले सगळे धरले तर सुमारे तीस हजार. ज्यांना आश्रय मिळाला त्यांचाही व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा, संपला की पुन्हा अर्ज. तो कायमचा करू असं नवं सरकार म्हणतंय, पण तारीख दिलेली नाही. ज्यांना नकार मिळाला त्यांच्याबद्दल तर काहीच नाही. आमच्या केंद्रात दर बुधवारी येतात, बहुतेक लोगन आणि इप्सविचकडचे. अर्ज भरायला माणसं कमी पडतात. तुम्ही आता निवृत्त, इंग्रजी कागद वाचायचा कंटाळा नाही. टूवूम्बाहून दीड-दोन तासांची गाडी. येताय का?


प्रेषक: टूवूम्बाकर
रविवार, ७ ऑगस्ट २०२२

पार्किंग कुठे मिळतं?