मरीयेविषयी आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्या इतक्या गप्प का?

धागाकर्ता (बेळगाव, कॅम्प):
सर्वांना सलाम. ब्रिटिश काळात अँग्लिकनांनी बांधलेले सेंट मेरीज चर्च आमच्या कॅम्पात उभे आहे, तेव्हा प्रभूच्या आईचे नाव येथील प्रोटेस्टंटांना परके नाही. तरीही आपल्या मराठी उपासनांत ती नाताळच्या नाटिकेत दिसते, मतांगीकारात (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत) 'कुमारी मरीयेपासून जन्मला' या शब्दांपुरती येते आणि मग वर्षभर तिच्यावर एकही उपदेश होत नाही. हे मौन पवित्र शास्त्रातून आलेले नसून कॅथलिकांपासून वेगळे दिसण्याच्या धडपडीतून आले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या धर्मसुधारकांनी असे मौन पाळले नव्हते. मार्टिन ल्यूथर यांनी 1521 मध्ये मरीयेच्या स्तोत्रावर (लूकच्या पहिल्या अध्यायातील तिच्या स्तुतिगीतावर) सविस्तर भाष्य लिहिले. तिच्या अंगी काही पुण्य होते म्हणून नव्हे, तर देवाने एका नगण्य मुलीकडे कृपादृष्टीने पाहिले म्हणून ती धन्य, हा त्याचा गाभा आहे. कृपेची शिकवण यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच मांडली गेली असेल. ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक झ्विंग्ली दोघेही तिला आजन्म कुमारी मानत. मेथडिस्ट बांधवांसाठी मुद्दाम सांगतो, की त्यांच्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीही 1749 च्या 'एका रोमन कॅथलिकास पत्र' या लेखनात तेच मत नोंदवले आहे. दुसरीकडे, ऑग्सबर्गच्या 1530 च्या विश्वासपत्राने (ल्यूथरपंथीयांच्या अधिकृत विश्वासनिवेदनाने) संतांचे स्मरण योग्य ठरवले, पण त्यांचा धावा करण्यास शास्त्राचा आधार नाही असेही बजावले. स्मरण करावे, धावा करू नये. यातला पहिला अर्धा भाग आपण का टाकून दिला?

प्रतिसाद, निपाणीहून:
मी सहमत नाही. गर्दीतील एका स्त्रीने 'ज्या उदराने तुम्हाला वाहिले ते धन्य' अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा प्रभूने तिचे लक्ष देवाचे वचन ऐकून पाळणाऱ्यांकडे वळवले (लूक 11:27-28). 'माझी आई व माझे भाऊ कोण?' हा प्रश्नही त्यानेच विचारला (मार्क 3:33). देव आणि मानव यांच्यात एकच मध्यस्थ आहे, हे पहिल्या तीमथ्यात निःसंदिग्धपणे लिहिले आहे. पौलाच्या पत्रांत मरीयेचे नाव नाही. गलतीकरांस लिहिताना तो 'स्त्रीपासून जन्मलेला' इतकेच म्हणतो. शास्त्र जिथे थोडे बोलते तिथे आपणही थोडेच बोलावे, याला भीती म्हणता येत नाही.

शिवाय आपण कुठे राहतो, याचा विचार करा. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात आहे. आपल्या मंडळ्यांतील अनेक घरांच्या मागच्या पिढ्यांनी नवस, पौर्णिमेची यात्रा आणि देवीचा जग (डोक्यावर वाहायची देवीची मूर्ती) हे सर्व मोठी किंमत देऊन सोडले, आणि नातेवाइकांची बोलणी सोसली. अशा घरातल्या आजीपुढे निळ्या वस्त्रातील आईची प्रतिमा ठेवून 'हिचा आदर कर, पण हिला मागणे मागू नकोस' असे सांगितल्यास तिला तो भेद कसा कळावा? पुस्तकात तो स्पष्ट असतो. हात जोडताना तो राहत नाही.

प्रतिसाद, खानापूरहून, एक कॅथलिक वाचक:
आपल्या चर्चेत बोलण्याची परवानगी असावी. आम्ही आराधना फक्त देवाची करतो. संतांना आदर आणि मरीयेला विशेष आदर देतो. तिला 'देवाची माता' म्हणण्याचा निर्णय 431 च्या इफिस येथील परिषदेचा आहे, आणि तो तिच्या गौरवापेक्षा येशू खरोखर देव आहे हे राखण्यासाठी झाला. निष्कलंक गर्भसंभव (मरीया गर्भात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, 1854) आणि स्वर्गोन्नयन (ती देहासह स्वर्गात घेतली गेली, 1950) या जाहीर सिद्धांतांविषयी तुमचे आक्षेप मला समजतात. मात्र आमच्याकडेही तिला किती उंच न्यावे यावर गंभीर विचार झाला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत) तिच्यावर स्वतंत्र दस्तऐवज न करता तिला चर्चविषयक दस्तऐवजातच स्थान द्यावे, असे 1963 मध्ये 1114 विरुद्ध 1074 मतांनी ठरले. तामिळनाडूतील मरीयेच्या तीर्थस्थानी, वेलंकणीला, जाणाऱ्या आमच्या काही भाविकांचा तोल ढळतो, हे मी नाकारत नाही.

प्रतिसाद, गोकाकहून, महिला मंडळातून:
निपाणीच्या बंधूंनी आजीची काळजी केली, त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्या आजीने लूकच्या पहिल्या अध्यायातील पूर्ण स्तोत्र उपदेशात कधी ऐकले आहे का? 'त्याने अधिपतींना राजासनांवरून ओढून काढले आहे व दीनांना उंच केले आहे' हे एका खेड्यातील मुलीचे शब्द आहेत. दूतापुढे 'मला होवो' म्हणणारी, काना येथे 'हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा' एवढेच सांगून बाजूला होणारी, वधस्तंभाजवळ उभी राहणारी आणि प्रेषितांबरोबर प्रार्थनेत बसणारी (प्रे. कृत्ये 1:14) ही स्त्री ऐकून पाळणाऱ्यांतलीच आहे. मग लूक 11 तिच्या विरोधात कसे जाते? आमच्या सभांत रूथ, एस्तेर आणि हन्ना यांच्यावर अभ्यास होतो, त्यांची कोणी पूजा करील अशी भीती कोणाला वाटत नाही, आणि मरीयेचे नाव काढले की मात्र पाळकसाहेब विषय बदलतात. हे मला मनापासून खुपते.

प्रतिसाद, चिकोडीहून:
आजन्म कौमार्याचा मुद्दा येथे आणू नये. मार्क 6:3 मध्ये याकोब, योसे, यहूदा व शिमोन या भावांची नावे आहेत आणि बहिणींचाही उल्लेख आहे. ल्यूथर यांचे मत हा शास्त्राचा पुरावा होऊ शकत नाही.

धागाकर्ता:
चिकोडीकरांचे म्हणणे मान्य. ते मत मी इतिहास म्हणून दिले, विश्वासाची अट म्हणून नव्हे. निपाणीकरांचा सौंदत्तीचा मुद्दा मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तरीही त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. मंडळी गप्प राहिली, तर ती आजी मरीयेची ओळख वेलंकणीच्या कॅलेंडरवरून करून घेणार. 'मी प्रभूची दासी' म्हणणारी, स्वतः तारणाऱ्याची गरज सांगणारी मरीया (लूक 1:47) तिला उपदेशातून भेटली, तर देवीच्या जागी ती मरीयेला बसवणार नाही. म्हणून आगमनकाळातील (नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांतील) एक रविवार या स्तोत्राला द्यावा आणि 25 मार्चला दूताने मरीयेला दिलेल्या निरोपाचा पाठ वाचावा, एवढीच माझी सूचना आहे.

प्रतिसाद, निपाणीहून:
पाठ आणि उपदेश यांना माझी हरकत नाही. गोकाकच्या ताईंचा लूक 11 वरील युक्तिवाद मी स्वीकारतो. चित्र, मेणबत्ती आणि तिला उद्देशून म्हटलेले गीत यांना मात्र आमच्या मंडळीत माझा विरोध कायम राहील, आणि आगमनकाळाच्या त्या रविवारी पहिल्या तीमथ्यातील मध्यस्थाचा पाठही त्याच उपासनेत वाचला जावा, असा माझा आग्रह आहे.