मदत हवी आहे: सिम्पसन्सचा आठवा सीझन बघण्याआधी काय बघू?

मंडळी, ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका मी थेट आठव्या सीझनपासून (१९९६-९७) बघायला घेतलीय. फ्रँक ग्राइम्सचा भाग भन्नाट वाटला. जन्मभर खस्ता खाल्लेला माणूस अणुवीज केंद्रात रुजू होतो आणि तिथल्याच होमर सिम्पसनसारख्या (मालिकेतल्या कुटुंबाचा बाप) कामचुकाराचं मोठं घर, भरला संसार बघून त्याचं डोकंच फिरतं. (मला तर ग्राइम्सचंच पटलं!) त्यात होमरचा अंतराळातला फोटो दिसतो. ती गोष्ट पाचव्या सीझनमधली आहे, एवढं कळलं.

असे आणखी कोणते जुने भाग आधी बघायला हवेत? इची-स्क्रॅची या मालिकेतल्याच मांजर-उंदराच्या कार्टूनमध्ये घुसवलेल्या पूची कुत्र्यावर कॉमिक्सच्या दुकानाचा मालक एवढा का खवळतो, त्यालाही काही पूर्वपीठिका आहे का? सातही सीझन बघायला वेळ नाही, मोजकेच सुचवा.