म्युनिकमध्ये शुफाशिवाय (जर्मनीतल्या पत-अहवालाशिवाय) भाड्याचं घर कसं मिळेल? मदत हवी आहे

नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली आहे. आम्ही दोघं आणि ७ वर्षांची मुलगी सप्टेंबरमध्ये पुण्याहून जातोय. इमोबिलियनस्काउट या घरं शोधायच्या वेबसाइटवर रोज अर्ज टाकतो, पण सगळे शुफाचा पत-अहवाल आणि शेवटच्या ३ पगाराच्या स्लिपा मागतात. आमच्याकडे फक्त नोकरीचा करार आहे; कंपनी घर देत नाही. ३ महिन्यांच्या काल्टमीटएवढं (हीटिंग वगैरे खर्च सोडून मूळ भाडं) डिपॉझिट भरू, दोन खोल्याही चालतील. स्वयंपाकघर मात्र बसवलेलं हवं, तिथे बरीच घरं ओट्याशिवायच मिळतात. घर न बघता पैसे पाठवणार नाही.

सुरुवातीला फर्निश्ड घर घेतलं, तर आनमेल्डुंगसाठी (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी) घरमालक पत्र देतात का? मुलीच्या शाळेचं त्यावरच अडलंय. आणि शुफाऐवजी तुम्ही घरमालकाला काय दाखवलंत?