कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव : आपापल्या आठवणी लिहा

रंकाळाकाठ :
शेजारच्या मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी किरणोत्सवाची माहिती सांगता सांगता आजोबांबरोबर पाहिलेला सोहळा लख्ख आठवला. देवी पश्चिमाभिमुख असल्यामुळे मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक असे टप्पे घेत पितळी उंबरा ओलांडतात आणि ३१ जानेवारी व ९ नोव्हेंबरला चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचतात. गाभाऱ्यातले दिवे मालवले होते, फरशीवरून सरकणाऱ्या तांबूस पट्ट्यात धुळीचे कण तरंगताना दिसत होते आणि आजोबांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. आपणही लिहावे.

पेठेतली सून :
लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाई मला घेऊन गेल्या होत्या. पण ऐन वेळी ढग आले आणि किरणे उंबऱ्याच्या अलीकडेच विरली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आईची इच्छा." किरणांच्या वाटेवर उंच इमारती, फलक किंवा पाण्याच्या टाक्या आल्या की मला फार वाईट वाटते, कारण कित्येक शतकांपूर्वीच्या स्थपतींनी सूर्याचे गणित दगडात बांधले आणि ते मोकळे ठेवणे एवढेच आपल्याकडे उरले आहे.

जुना विद्यार्थी :
गरुड मंडप लाकडी आहे आणि मूळ दगडी मंदिरापेक्षा बराच अलीकडचा आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. आक्रमणांच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची १७१५ साली विजयादशमीला पुन्हा प्रतिष्ठापना झाली, ही हकिकत वडील दर दसऱ्याला सोने वाटताना सांगत असत.

टेंबलाईकर :
विषय किरणोत्सवाचा असला तरी नवरात्रातल्या ललिता पंचमीचे लिहिल्यावाचून राहवत नाही. कोल्हासुर दैत्यावरील विजयाच्या सोहळ्याला बोलावणे न आल्याने त्र्यंबोली देवी (टेंबलाई) रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, अशी कथा आहे. म्हणून दरवर्षी पालखी टेकडीवर येते आणि कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कोहळा फोडला जातो. त्या कोहळ्याचा तुकडा मिळवण्यासाठी जी झुंबड उडते, तीत माझ्या भावाच्या सदऱ्याची बाही फाटली होती, तरी त्याने तुकडा सोडला नाही.

सध्या पुण्यात :
आईच्या आजारपणामुळे येणे जमत नाही. तिला पडद्यावर थेट दर्शन दाखवते. किरणे मुखावर आली की ती अंथरुणातूनच हात जोडते.

पेठेतली सून :
ताई, आईंना नमस्कार सांगा. पत्ता कळवलात तर पुढच्या शुक्रवारी पालखीनंतर त्यांच्यासाठी कुंकू आणि प्रसाद पाठवते.

रंकाळाकाठ :
पाहायला येणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पोहोचावे आणि किरणांच्या वाटेत उभे न राहता कडेच्या खांबांशी थांबावे.