ग्रेअम सुनेस प्रशिक्षक म्हणून खरंच अपयशी?

मधलीफळी:
'खेळाडू थोर, प्रशिक्षक सुमार' असं म्हणून लोक स्कॉटलंडचा माजी फुटबॉलपटू सुनेसला निकालात काढतात. मला हे अजिबात पटत नाही. १९८४ चा युरोपियन कप त्यानं लिव्हरपूलचा कर्णधार म्हणून उचलला, त्यावर वादच नाही. पण १९८६ मध्ये तो खेळाडू-मॅनेजर म्हणून ग्लासगोच्या रेंजर्सकडे आला, तेव्हा त्यांनी शेवटची लीग जिंकली होती १९७८ मध्ये! १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेजल स्टेडियमवर लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरीत प्रेक्षक दगावले, त्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती. ती संधी साधून त्यानं टेरी बुचर, ख्रिस वुड्स असे इंग्लंडचे खेळाडू उत्तरेला, स्कॉटलंडमध्ये आणले. एरवी चांगले स्कॉटिश खेळाडूच दक्षिणेला जायचे. पहिल्याच हंगामात लीग.

आणि १९८९ मध्ये मो जॉन्स्टन. रेंजर्स म्हणजे प्रोटेस्टंटांचा क्लब, कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही ही जुनी रीत. सुनेसनं कॅथलिक घेतला, तोही ग्लासगोतल्याच कट्टर प्रतिस्पर्धी सेल्टिकचा माजी स्ट्रायकर. काही चाहत्यांनी सीझन तिकिटं जाळली. त्याच नोव्हेंबरमध्ये सेल्टिकविरुद्ध एकमेव गोल जॉन्स्टनचाच. एवढी छाती किती मॅनेजरांकडे होती?

कॉपकर:
अहो, लिव्हरपूलबद्दल एक ओळही नाही? १९९१ मध्ये मॅनेजर म्हणून आला आणि दोन्ही पूर्ण हंगामांत संघ लीगमध्ये सहावा. बिअर्ड्सलीसारखा खेळाडू थेट शहरातल्याच प्रतिस्पर्धी एव्हर्टनला विकला! हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची मुलाखत दिली तीही 'द सन'ला. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत दगावलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांबद्दल खोटं छापणाऱ्या पेपरात त्याच दुर्घटनेच्या स्मृतिदिनी ती आली. हे शहर कसं विसरेल?

मधलीफळी:
मुलाखतीचं समर्थन मी करणार नाही. ती जखम खरी आहे. पण त्याच्या हाती आलेला संघ वयस्क होत चालला होता. १९९२ चा एफए कप त्यानंच जिंकून दिला, तरुण मॅकमॅनमनला जागा दिली, फाउलरला पदार्पण दिलं. पुढच्या मॅनेजरला ही पोरं आयती मिळाली.

कॉपकर:
पोरं मान्य. पण रेंजर्सचं यश पैशाचं होतं, मालक डेव्हिड मरेंच्या थैलीचं.

मधलीफळी:
मरेंनी क्लब घेतला नोव्हेंबर १९८८ मध्ये. पहिली लीग आली १९८७ मध्ये.