मूळ चित्रपटात न सांगितलेलं प्रीक्वलने सांगावं का?

कोपरीकर
(‘एलियन’, ‘स्टार वॉर्स’ आणि ‘मॅड मॅक्स’ मालिकांतल्या गोष्टी खाली उघड केल्या आहेत. ज्यांनी पाहिलेल्या नाहीत त्यांनी इथेच थांबावं.)

‘आधी काय घडलं होतं’ हे सांगायला निघालेले विज्ञानपट बहुतेक वेळा मूळ चित्रपटाचं नुकसान करतात, असं माझं जुनं मत आहे. रविवारी भाच्यांशी यावरून वाद झाला म्हणून इथे मांडतोय. भाचे नेरुळला राहतात, दोघंही कॉलेजात आहेत. त्यांना ‘एलियन’ मालिका बघायची आहे आणि ती कथेच्या क्रमाने, म्हणजे ‘प्रोमिथियस’पासून सुरू करायचा त्यांचा बेत आहे. मी म्हटलं, तसं अजिबात करू नका.

१९७९च्या ‘एलियन’मध्ये तीन अंतराळवीर एका पडक्या, परक्या यानात शिरतात. आत एका प्रचंड खुर्चीत एक अवाढव्य प्राणी, केव्हाच मेलेला, दगड झालेला. खुर्ची कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होतं ते कळत नाही. बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या. तिघं बघतात, दोन-चार वाक्यं बोलतात आणि पुढे जातात. हा कोण, कुठला, कुठे निघाला होता, याबद्दल चित्रपट चकार शब्द काढत नाही. चित्रकार एच. आर. गिगर यांच्या कल्पनेतून आलेला तो सेट आणखी मोठा दिसावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी काही शॉट्समध्ये नटांऐवजी लहान मुलांना, त्यात स्वतःच्या मुलांनाही, छोटे स्पेससूट घालून उभं केलं होतं. त्या जागेपुढे माणूस किती क्षुल्लक आहे ते बघणाऱ्याला पोटातून जाणवावं म्हणून एवढा खटाटोप.

२०१२ साली त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा ‘प्रोमिथियस’ आला. आम्ही मित्र ट्रान्स-हार्बरने वाशीला जाऊन थ्रीडीत बघितला. दृश्यं अप्रतिम होती, सुरुवातीचा तो आइसलँडमधला धबधबा तर अजून डोळ्यांपुढे आहे. पण मग कळलं की खुर्चीतल्या त्या प्राण्याच्या तोंडावर जी सोंड दिसते ती म्हणजे मुळात हेल्मेटचा भाग. हेल्मेट काढलं तर आत एक पांढराफटक, पिळदार, जवळजवळ माणूसच. त्याचा डीएनए आपल्याशी जुळतो. माणसाच्या कल्पनेत न मावणारी जी गोष्ट होती ती आपलीच कर्ती-करविती निघाली, म्हणजे सगळं ब्रह्मांड पुन्हा आपल्याभोवतीच फिरायला लागलं. परतीच्या गाडीत ऐरोलीपर्यंत बाकीचे कथेतल्या चुकांवर बोलत होते: बोगद्यांचा नकाशा काढणारा भूशास्त्रज्ञच वाट कसा चुकतो, जीवशास्त्रज्ञ त्या सापासारख्या जनावराला हात लावायला कसा जातो. त्या चुकांचं मला फारसं काही नाही. मला लागलं ते हेल्मेट.

१९९९च्या ‘फँटम मेनेस’मध्येही हेच झालं. ‘स्टार वॉर्स’मधली ‘फोर्स’ नावाची अदृश्य शक्ती ही साधनेची, विश्वासाची गोष्ट होती. तिथे ती रक्तात मिडीक्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव किती आहेत ते तपासून मोजायची गोष्ट झाली. तुमचं काय मत? आणि भाच्यांनी सुरुवात कुठून करावी?

घंटाळीकर
असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात.

गडकरी रंगायतनला ‘सौभद्र’ हे संगीत नाटक लागतं तेव्हा सुभद्रा शेवटी अर्जुनाचीच होणार हे नांदीच्या आधीच सगळ्या नाट्यगृहाला माहीत असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ते रंगभूमीवर आणलं तेव्हाही माहीत होतं. तरी लोक शेवटच्या पदापर्यंत जागचे हलत नाहीत. ‘काय होणार’ हे माहीत असलं की सगळं लक्ष ‘कसं होणार’कडे लागतं, आणि खरा प्रेक्षक तिथेच रमतो.

प्रीक्वलचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१६चा ‘रोग वन’. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला जो मजकूर वर सरकत जातो, त्यात बंडखोरांच्या हेरांनी डेथ स्टार या साम्राज्याच्या महाशस्त्राचे आराखडे पळवल्याचा उल्लेख आहे. एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा केला. आराखडे पोचणार हे ठाऊक असतं. पण ते पळवणारे कोण होते, त्यांना त्यासाठी काय मोजावं लागलं, याचा विचार आपण इतकी वर्षं केलाच नव्हता. शेवटी ती सगळी टोळी मरते. ठाण्यात आम्ही बघितला तेव्हा दिवे लागल्यावरही आमच्या रांगेतून पटकन कुणी उठलं नाही. त्यानंतर जुना चित्रपट लावला की तो सरकता मजकूर नुसता वाचून सोडून देता येत नाही.

आणि ‘प्रोमिथियस’बद्दल: खुर्चीतला तो प्राणी कोण, हा प्रश्न खुद्द रिडली स्कॉट यांना पडला होता. १९८६, १९९२ आणि १९९७ अशा पुढच्या तिन्ही भागांत कुणी त्याची साधी विचारपूस केली नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी दिलेलं उत्तर तुम्हाला आवडलं नाही, हे मान्य. पण म्हणून त्यांनी प्रश्नच विचारायला नको होता हे कसं?

सीवूड्स_पूर्व
चर्चा छान आहे, पण माझा मुद्दा खिशाचा. चौघांची तिकिटं, वर थ्रीडीच्या चष्म्याचे पैसे, मध्यंतरातलं खाणं, पार्किंग. शेवट माहीत असलेल्या गोष्टीसाठी मी एवढा खर्च करणार नाही. आमच्याकडे तर स्टेशनातून वर आलं की थिएटर आहे, तरीही नाही. काही महिन्यांत घरी दिसतोच.

कोपरीकर
@घंटाळीकर, ‘सौभद्र’चं उदाहरण मला पटत नाही. तिथे मुळात काही लपवलेलंच नव्हतं. कथा महाभारतातली, प्रेक्षकाच्या घरातली. ‘एलियन’मध्ये न सांगणं हा मांडणीचाच भाग होता. त्या खुर्चीची भीती वाटते ती आपल्याला काही कळत नाही म्हणून. ते एकदा सांगून टाकलं की जुना चित्रपट कितीही वेळा लावा, तिथे आता मला हेल्मेट घातलेला माणूस दिसतो.

‘रोग वन’ आवडला हे मात्र कबूल. पण तो का चालतो ते बघा ना. ‘फोर्स’ म्हणजे काय, हे सांगायच्या फंदात तो पडत नाही. तो आपल्याला माहीत नसलेली माणसं दाखवतो. त्यातही, जिच्यामुळे डेथ स्टार उडवता येतो ती एक कच्ची जागा त्यात का राहिली याचा खुलासा घातलाच आहे, आणि मला तो नसता तरी चाललं असतं. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या हातून निष्काळजीपणे एक भोक राहून जातं, हेच मला जास्त खरं वाटायचं.

ध्वनिवेडा
@सीवूड्स_पूर्व, सगळे प्रीक्वल एका मापाने मोजू नका. ‘प्रोमिथियस’ थ्रीडी कॅमेऱ्यांवरच चित्रित झालेला आहे, नंतर संगणकावर थ्रीडी केलेला नाही. डेव्हिड नावाचा यंत्रमानव त्या यानात नियंत्रणाची जागा शोधून काढतो आणि सगळ्या दालनभर ताऱ्यांचा नकाशा उलगडतो. त्यातून एक पृथ्वी तो अलगद ओंजळीत धरतो. थिएटरात ते तारे आपल्या खुर्चीपर्यंत येतात. घरच्या टीव्हीवर त्या प्रसंगातलं निम्मं सुद्धा उरत नाही. कथा पटो न पटो, तिकिटाचे पैसे त्या पाच मिनिटांतच वसूल.

घणसोली_ब्लॉक
तुम्ही सगळे ‘आधी मूळ, मग प्रीक्वल’ असं धरून चालला आहात. माझ्या वयाच्या लोकांना मूळ चित्रपट कोरा मिळतच नाही. ‘एलियन’मध्ये जेवणाच्या टेबलावर छाती फोडून ते पिल्लू बाहेर येतं, हे मी चित्रपट बघायच्या कितीतरी आधी मीममध्ये पाहिलं होतं. ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर कोणाचा बाप, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ मालिकेत माझी सुरुवात २०११च्या ‘राइज’ने झाली. १९६८चा चित्रपट खूप नंतर बघितला, तोही त्यातली वाळूत गाडलेली स्वातंत्र्यदेवता पोस्टरवर आधीच बघून. माझ्यासाठी ही सीझर या वानराची गोष्ट आहे. काठी उगारलेल्या रखवालदाराचा हात तो पकडतो आणि पहिल्यांदाच मोठ्याने ‘नो’ म्हणतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला होता. माकडं बोलणार हे मला माहीत होतं की! म्हणून काही बिघडलं नाही. जुना बघितल्यावर उलट वाटलं, बरं झालं आधी सीझर भेटला. जुन्या चित्रपटात माकडं माणसांना पिंजऱ्यात घालतात, तेव्हा माझा राग अर्धाच झाला, कारण आधी काय झालं होतं ते मला माहीत होतं.

आर्काइव्ह_ठाणे
एक दुरुस्ती. २०११चा ‘राइज’ हा जुन्या मालिकेचा काटेकोर प्रीक्वल नव्हे, ती नव्याने केलेली सुरुवात आहे. १९७१ आणि १९७२च्या भागांत सीझर हा भविष्यातून मागे आलेल्या वानरांचा मुलगा होता. नव्या मालिकेत तो प्रयोगशाळेतल्या औषधामुळे हुशार होतो. त्यामुळे जुन्यातलं रहस्य बिघडण्याचा प्रश्न तिथे फारसा येत नाही.

घणसोली_ब्लॉक
मान्य. पण जुन्या चित्रपटाकडे बघायची माझी नजर त्याने बदलली हे तर खरं ना? मी बोलतोय ते त्याबद्दल.

बेलापूरची
कोपरीकर दादा, तुम्ही ‘मॅड मॅक्स’ मालिकेतला ‘फ्युरिओसा’ हा प्रीक्वल बघितलाय का? २०२४च्या मे महिन्यात आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. उकाडा मरणाचा, आणि थिएटर अर्धं रिकामं. ‘शेवट माहीत आहे’ म्हणून लोक आले नाहीत, हे माझ्या मैत्रिणींकडूनच ऐकलं. वाईट वाटलं, कारण तुमच्या आक्षेपाला एवढं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने दिलेलं मी बघितलेलं नाही.

फ्युरिओसा जगणार आणि तिचा एक हात जाणार, हे २०१५चा ‘फ्युरी रोड’ बघितलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मग बघायचं काय? तर हे. लहानपणी तिला पळवून नेलेलं असतं. घरची वाट विसरू नये म्हणून ती ताऱ्यांचा नकाशा स्वतःच्या हातावर गोंदून घेते, आणि नेमका तोच हात जातो. कोणी मारून नाही. पळून जाण्यासाठी ती स्वतःच तो तोडून मागे ठेवते. मी आणि ताई दोघी तोंडावर हात धरून बसलो होतो. ‘फ्युरी रोड’मध्ये ती ज्या हट्टाने घराकडे गाडी हाकते, तो हट्ट कुठून आला ते मला तेव्हा कळलं. आणि तिथे पोचून घर उरलेलं नाही हे समजल्यावर ती वाळूत गुडघ्यांवर कोसळते, तो प्रसंग आता मला पूर्वीसारखा बघवत नाही.

आणखी एक. ही गोष्ट ‘फ्युरी रोड’च्या चित्रीकरणाआधीच लिहून तयार होती. नटांना आपल्या पात्राचा भूतकाळ कळावा म्हणून दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी ती करवून घेतली होती. म्हणजे मूळ चित्रपट बनत असताना हा भूतकाळ त्याच्या आत होताच. नंतर कोणी बसून बाहेरून जोडलेला नाही. मला वाटतं, फरक इथे पडतो. ‘प्रोमिथियस’चं उत्तर तेहतीस वर्षांनी शोधलेलं होतं, म्हणून ते तुम्हाला परकं वाटलं.

कोपरीकर
बघितलाय, आणि हाताबद्दल पूर्ण सहमत. त्या चित्रपटाने मला नवी माहिती दिली, पण जुन्यातलं काही हिरावून घेतलं नाही. ‘फ्युरी रोड’मध्ये फ्युरिओसाचा हात हे कोडं म्हणून ठेवलेलंच नव्हतं. माझा आक्षेप फक्त मुद्दाम झाकून ठेवलेल्या गोष्टीला हात घालण्याला आहे. भाच्यांनी १९७९पासूनच सुरुवात करावी, यावर मी ठाम आहे. ती खुर्ची काही न कळता बघायची संधी एकदाच मिळते, आणि ‘प्रोमिथियस’ आधी बघितला तर ती कायमची गेली.

घंटाळीकर
बेलापूरच्या ताईंचा मुद्दा चांगला आहे, पण आधी लिहिलेलं तेवढं अस्सल आणि नंतर सुचलेलं बाहेरचं, हे मला मान्य नाही. ‘प्रोमिथियस’मधलाच प्रसंग घ्या. त्यातली शास्त्रज्ञ डॉ. शॉ, तिच्या पोटात काहीतरी वाढतंय हे तिला कळतं आणि ती त्या स्वयंचलित शस्त्रक्रियेच्या यंत्रापाशी धावते. यंत्र सांगतं की ते फक्त पुरुष रुग्णांसाठी लावलेलं आहे. मग ती ‘पोटातली परकी वस्तू काढा’ असा साधा आदेश देते, शुद्धीत राहून स्वतःचं पोट फाडून घेते, आणि यंत्र वर धातूच्या पिना मारून तिला बाहेर सोडतं. माझ्या शेजारी बसलेली बायको तेवढा वेळ पडद्याकडे बघू शकली नाही. हे २०१२ साली सुचलेलं आहे आणि १९७९च्या कुठल्याही प्रसंगाइतकं अस्सल आहे. खुर्चीत कोण होतं याची त्याला काही गरज लागत नाही.

तुमच्या भाच्यांना ‘प्रोमिथियस’पासून सुरुवात करू द्या. पुढे ‘एलियन’ बघताना ती खुर्ची आली की त्यांना वेगळी भीती वाटेल: आत कोण आहे ते त्यांना माहीत असेल, आणि त्या तिघांना नसेल.