ट्रॅक डेसाठी टायर: कोरड्यात आणि पावसात एकच सेट चालेल का?

हॅचवाला
नमस्कार मंडळी. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, वजन साधारण 1100 किलो, टायर 195/50 आर15, कंपनीने दिलेलेच. आतापर्यंत तीन ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचे दिवस) केले, तिन्ही कोरडे. तिसऱ्या दिवशी चौथ्या सेशननंतर गाडी पिटमध्ये लावली आणि पुढचे टायर बघून धस्स झालं. बाहेरच्या खांद्याची नक्षी पार पुसली गेलीय, कडेला रबराचे तुकडे सुटलेत आणि आतल्या बाजूला मात्र टायर जवळपास नवा दिसतोय. मागच्या टायरना तर काही झालेलंच नाही.

म्हणजे आता टायर घ्यायचेच आहेत. पण पुढच्या ट्रॅक डेला पाऊस असण्याची दाट शक्यता आहे आणि तिथून पुढचे दोन-तीन दिवसही कसे निघतील सांगता येत नाही. सगळे म्हणतात सेमी-स्लिक (कमी नक्षीचा, ट्रॅकसाठीचा टायर) घे, लॅप टाइम धाडकन खाली येईल. मी दोन दिवस ट्रेडवेअरबद्दल, म्हणजे टायर किती टिकतो त्या आकड्याबद्दल (कमी तितका लवकर झिजणारा), वाचतोय, 200 ट्रेडवेअर, 100 ट्रेडवेअर, 80 ट्रेडवेअर, आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय. मी ट्रॅकवर जातो त्याच टायरवर आणि घरी येतो त्याच टायरवर, ट्रेलर नाही, दुसरी गाडी नाही. चार सुटी रिम मिळाली तर घेईन, डिकीत आणि मागच्या सीटवर कशीबशी मावतील.

मुद्द्याचा प्रश्न असा की एकच सेट घ्यायचा असेल तर कोणत्या प्रकारचा, आणि दोन सेट घ्यायचे असतील तर कोणते दोन? मला रेस जिंकायची नाहीये, नीट शिकायचंय, आणि पाऊस आला म्हणून दिवस फुकट घालवायचा नाहीये.

चारचाक
मित्रा, तू वर्णन केलंस ते बघता आधी एक सांगतो, नवे टायर घेऊनही तुझा बाहेरचा खांदा तसाच खाल्ला जाणार आहे. पुढे निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं, कमी आहे, वळणात गाडी कलते आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर जातो. तुझ्या गाडीत जेवढा निगेटिव्ह कॅम्बर बसतो तेवढा आधी करून घे. आणि हवा बघ. हवा कमी असली की टायर दुमडून साइडवॉलवर चालतो. याला सोपा उपाय म्हणजे खडू. खांद्यावरून साइडवॉलपर्यंत खडूची जाड रेघ ओढायची आणि एक सेशन चालवून यायचं. बऱ्याच टायरवर खांद्याजवळ छोटा त्रिकोण असतो, खडू त्या त्रिकोणाच्या टोकाच्या आसपासपर्यंत पुसला गेला असेल तर ठीक, त्याच्या खाली साइडवॉलवर गेला असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर, किंवा दोन्ही.

आता टायर. ट्रेडवेअरच्या आकड्यात फार अडकू नकोस. तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या टायरला स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा 200 आणि दुसरीचा 200 हे अगदी वेगळे टायर असू शकतात. योकोहामा ॲडवान ए052 आणि हँकूक व्हेंटस आरएस4 दोन्ही 200 चे. पहिला एक-दोन लॅपला अफाट पकड देतो पण लवकर तापून चिकट-निसरडा होतो आणि झिजतोही भराभर, दुसरा तेवढा वेगवान नाही पण अख्खा दिवस घासला तरी तग धरतो. टोयो आर888आर 100 चा, नानकांग एआर-1 80 चा, हे आणखी स्लिककडे झुकलेले. चारही तुझ्या साइजमध्ये मिळतात, म्हणून मोह होणारच.

पण मोह आवर. सेमी-स्लिक कोरड्यात भारी असतो त्याची कारणंच पावसात त्याच्या विरोधात जातात. खाचा कमी म्हणजे जमिनीला जास्त रबर लागतं, पण पाणी जायला वाट राहत नाही. आणि त्या कंपाउंडला, म्हणजे रबराच्या मिश्रणाला, काम करायला उष्णता लागते, ओल्या ट्रॅकवर पाणी टायर थंड करत राहतं, मग तो गरमच होत नाही. नुसता ओलसर, सुकत आलेला ट्रॅक असेल तर चांगला सेमी-स्लिक निभावून नेतो, खोटं कशाला सांगू. पाणी साचलं की संपलं.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो, कारण हे मला कळायला बरेच सेट घालवावे लागले. एकच मॉडेल, दोन सेट. चांगला परफॉर्मन्स समर टायर, रस्त्यावरचा, ज्याची ओल्यातली पकड नावाजलेली आहे असा. नव्या टायरला साधारण 8 मिमी खोल नक्षी असते. पूर्ण नक्षीचा नवा टायर कोरड्या ट्रॅकवर जोरात चालवला की त्याचे उंच ठोकळे वाकतात, घासतात, आतून तापतात आणि तुकडे सुटायला लागतात, तुझ्या कडेला दिसले तसे. तोच टायर रस्त्यावर वापरून 4 मिमीवर आला की ठोकळे बुटके होतात, कमी वाकतात, स्टीअरिंग धारदार लागतं आणि तापमानही आवाक्यात राहतं. म्हणजे अर्धा झिजलेला सेट कोरड्यासाठी, पूर्ण नक्षीचा सेट पावसासाठी. रेसिंगमध्येही जिथे सगळ्यांना एकच टायर वापरायचं बंधन असतं तिथे लोक कोरड्यासाठी नवा टायर मुद्दाम तासून घेतात आणि पूर्ण नक्षीचा पावसासाठी राखून ठेवतात. पावसाळी सेट जुना झाला की तो कोरड्यात उतरवायचा आणि पावसासाठी नवा घ्यायचा, चक्र चालू राहतं. दोन्ही सेटचा स्वभाव एकच असल्यामुळे शिकणाऱ्याला फार फायदा होतो, टायर पकड कधी सोडणार हे हाताला माहीत असतं. सेमी-स्लिक पकड उशिरा सोडतो आणि सोडली की एकदम सोडतो, वेग जास्त असतो तेव्हा.

एक सेट घ्यायचा असेल तरी हाच घे. घरी परततानाचा रस्ता याच टायरवर काढायचाय हे विसरू नकोस.

वळणावरची
चारचाक दादांशी सहमत, पण मागच्या टायरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

माझीही फ्रंट व्हील ड्राइव्हच आहे. दुसऱ्या वर्षी मी असं केलं की पुढचे दोन संपले होते म्हणून पुढे नवे टाकले आणि मागे जुने ठेवले, ते 3 मिमीच्या आसपास होते, बघायला ठीक वाटत होते. सकाळी कोरडं होतं, गाडी छान चालली. दुपारी पाऊस आला. मी जरा हळूच निघाले होते. चौथ्या लॅपला एका लांब डाव्या वळणात पुढची गाडी एकदम हळू झाली म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेकला पायही लावला नव्हता, आणि मागची चाकं पुढे यायला निघाली. गवतात उलटं तोंड करून थांबले. गाडीला काही झालं नाही, मला काही झालं नाही, पण त्या दोन-तीन सेकंदांत स्टीअरिंग हातात असून काहीच होत नव्हतं ते अजून आठवतं.

झालं काय ते नंतर समजलं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे टायर ओढतात, वळवतात, ब्रेकिंगचा मोठा वाटाही तेच उचलतात, त्यामुळे ते तापतात. मागचे नुसते मागून येतात, ते थंडच राहतात. त्यात खाचा अर्ध्याहून कमी, पाणी बाहेर टाकायची ताकद पुढच्यांपेक्षा बरीच कमी. पुढे पकड भरपूर असल्यामुळे मला खोटा विश्वास आला. अनेक देशांत रस्त्यासाठी 1.6 मिमीची कायदेशीर मर्यादा आहे, पण ट्रॅकवरच्या पावसासाठी ती मोजूच नका, माझ्या मते 5 च्या खाली गेलेला टायर पावसात ट्रॅकवर नको.

म्हणून हॅचवाला, तुझे मागचे टायर नव्यासारखे आहेत म्हणून पुढे फक्त दोन घ्यायचा विचार मनात आला असेल तर करू नकोस. चारही एकाच मॉडेलचे, एकाच वेळी. कोरड्या दिवसांत पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज सारखी ठेव, पण पावसाच्या सेटमध्ये जास्त नक्षीवाले दोन कायम मागे. डायरेक्शनल (एकाच दिशेने फिरायच्या) नक्षीचे असतील तर बाणाची दिशा बघून त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

आणि टायरची तारीख बघून घ्या. साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. जुना पडून कडक झालेला टायर नक्षी पूर्ण असली तरी ओल्यात दगडासारखा चालतो. नख रोवून बघा, मऊ टायरवर खूण उमटते.

हॅचवाला
ताई, वाचून अंगावर काटा आला. बरं झालं सांगितलंत, मी खरंच पुढचे दोनच घेणार होतो. चारचाक दादा, एक मॉडेल दोन सेट हे डोक्यात पक्कं बसलं. आता हवेचं सांगा कोणीतरी. आतापर्यंत मी दाराच्या आत स्टिकरवर लिहिलंय तेवढी भरून चालवतोय, सेशननंतर कधी मोजलीच नाही. पावसात हवा कमी करायची की वाढवायची? दोन्ही वाचलं.

गेजधारी
दोन्ही का वाचलंस ते सांगतो.

ट्रॅकवर महत्त्वाची असते ती गरम हवा, म्हणजे सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या, मिनिटभरात मोजलेली. हवा साधारण 7 अंश सेल्सियस तापली की दाब 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वाढतो. कोरड्यात जोरात चालवलं की आतली हवा सहज 40 अंशांनी तापते, म्हणजे थंड 27 भरली तर आत येताना 32-33 होते. तुझ्या वजनाच्या गाडीला रस्त्यावरच्या टायरवर गरम 32 ते 34 पासून सुरुवात कर, मग खडूची रेघ आणि स्टीअरिंग काय सांगतंय त्यावर एक-एक पीएसआयने हलव. स्टिकरवरचा आकडा थंड हवेचा आहे, रस्त्यासाठी. तो भरून चार सेशन केलेस म्हणजे तू बहुतेक 38-40 वर चालवत होतास. मग फुगलेल्या टायरची जमिनीला लागणारी जागा कमी होते, टायर मध्ये जास्त तापतो आणि गाडी शेवटच्या लॅपना वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते. हां, चारचाक म्हणाले हवा कमी असेल तर खांदा जातो, ते बरोबर, पण तुझ्याकडे बहुतेक कॅम्बरच कारणीभूत आहे. रेघ ओढून बघ, वाद मिटेल.

पावसात टायर फारसा तापत नाही, हवा दोन-तीन पीएसआयच वाढते. त्यामुळे कोरड्याचीच थंड 27 ठेवलीस तर गरम जेमतेम 29-30 होते. म्हणून ओल्यात थंड हवा जास्त भरावी लागते, 30-31 पासून सुरू कर. जे लोक ‘वाढवा’ म्हणतात ते हे म्हणतात. दुसरं कारण पाणी. 1960 च्या दशकात नासाने विमानाच्या टायरवर काम करून एक ढोबळ सूत्र काढलं होतं, की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्या हिशोबाने 25 पीएसआयला सुमारे 83 किमी, 32 ला सुमारे 94 किमी. गाडीच्या टायरला नक्षी असते, पाण्याची खोली बदलते, त्यामुळे आकडे तंतोतंत धरू नकोस, पण दिशा पक्की आहे. कमी हवेचा टायर मध्ये आत दबतो, खाचा मिटतात आणि तो लवकर तरंगतो. ‘कमी करा’ म्हणणारे बहुतेक नुसत्या ओलसर ट्रॅकबद्दल बोलत असतात, तिथे टायर जरा हलला, तापला तर फायदा होतो. साचलेल्या पाण्यात ते ऐकू नकोस.

सकाळी थंड हवा चारही चाकांत सावलीत मोजून वहीत लिही, उन्हाची बाजू आधीच एक-दोन पीएसआय वर असते. प्रत्येक सेशननंतर परत लिही. डाव्या-उजव्यात फरक येणार, ट्रॅकची वळणं एका बाजूला जास्त असतात. गरम असताना हवा सोडली असेल तर घरी निघायच्या आधी परत भरायची, नाहीतर टायर थंड झाला की 26-27 वर येईल आणि तू रस्त्याला भर वेगात असशील.

चारचाक
गेजधारी यांनी सगळं सांगितलं, पावसातली लाइन, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, तेवढी राहिली. कोरड्यात जी लाइन धरतोस तिथे रबर बसलेलं असतं, पाणी पडलं की तीच जागा सगळ्यात गुळगुळीत. वळणात एक-दीड गाडी बाहेरून जा, खडबडीत डांबर शोध. रंगवलेल्या कर्बला आणि पांढऱ्या पट्ट्यांना चाक लावू नकोस. पहिल्या दोन लॅप मागचे टायर थंड आहेत हे धरून चालव.

आणि रिम बदललीस की पहिल्या सेशननंतर नट टॉर्क पान्याने परत तपास. गरम ब्रेक असताना हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये टाक आणि चाकाखाली ठोकळा लाव.

हॅचवाला
ठरलं. चारही नवे, परफॉर्मन्स समर, एकाच आठवड्याची तारीख बघून. पुढचा दिवस ओला असेल तर पूर्ण नक्षीवर काढतो, मग तेच रस्त्यावर झिजवून कोरड्यासाठी ठेवतो. कॅम्बरचं काम या आठवड्यात. जुने मागचे दोन अजून चांगले आहेत पण ताईंचं वाचल्यावर ते नव्यांबरोबर मिसळणार नाही. खडू आणि गेज आजच गाडीत टाकलेत. परत आलो की चारही चाकांचे थंड-गरम आकडे इथे टाकतो, गेजधारी, तेव्हा बघून सांगा.